गठ्ठ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ठाण्याच्या घरात शिरलं की उजव्या हाताला चपलांचा कप्पा आणि डाव्या हाताला पुस्तकांचा गठ्ठा. चपलांबद्दल आजवर कोणी चकार शब्द काढलेला नाही. गठ्ठ्याबद्दल मात्र सिलिंडर घेऊन येणाऱ्यापासून विहीणबाईंपर्यंत सगळ्यांनी विचारलंय, आणि प्रश्न ठरलेले असतात. बावीस वर्षं मी तोंडी उत्तरं दिली. आता एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी चहा तरी गरम पिता येईल.

एवढी सगळी वाचलीत का?

नाही.

निम्मी तरी?

कपाटातली निम्म्याहून जास्त. दाराजवळच्या गठ्ठ्यातलं एकही नाही. वाचून झालं किंवा अर्धवट सोडलं की पुस्तक गठ्ठ्यातून कपाटात जातं, म्हणून तर तो गठ्ठा.

मग आहेत ती संपवायच्या आधी नवीन आणता कशाला?

हा सासूबाईंचा लाडका प्रश्न. एकदा त्यांना म्हटलं, "आई, कैऱ्या बाजारात येतात तेव्हाच लोणचं घालतो ना आपण? जेवायला बसल्यावर कैरी शोधायला जात नाही." त्या काही बोलल्या नाहीत. पण नंतर शेजारच्या काकूंना हेच त्या स्वतःचं म्हणून सांगत होत्या, तेव्हा पटलं असावं.

खरं कारण लोणच्यापेक्षा रुक्ष आहे. मराठी पुस्तकाचा बाजारातला मुक्काम फार थोडा असतो. हजारभर प्रतींची आवृत्ती निघते, हल्ली त्याहूनही लहान. ती खपायला कधी दोन वर्षं लागतात, कधी दहा. एकदा संपली की पुढची निघेलच असं नाही. लेखक गेलेला असतो, वारस चार गावी असतात, त्यातल्या एकाची सही मिळत नाही. पुस्तक जुन्या पद्धतीने, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून छापलेलं असेल तर सगळा मजकूर नव्याने टाइप करायचा, मुद्रितं तपासायची, आणि एवढं करून खपणार किती, याचा प्रकाशकाला घोर. तो पुनर्मुद्रण पुढे ढकलतो आणि पुस्तक गुपचूप दिसेनासं होतं. त्याची बातमीही येत नाही.

मागणी कमी असते म्हणून असं होतं, असंही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड घ्या. १९७९ मध्ये पहिला खंड आला, वसंत मून संपादक होते. या खंडांना गिऱ्हाईक नाही असा दिवस महाराष्ट्रात उजाडत नाही. तरी छपाई अशी रखडली की २०२१ मध्ये बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ज्या पुस्तकांसाठी लोक रांगा लावतात त्यांची ही गत, तर मालवणी म्हणींच्या एखाद्या संग्रहाची काय कथा?

म्हणून माझा हिशेब असा: वाचायची वेळ मी ठरवते, घ्यायची वेळ पुस्तक ठरवतं. या दोन वेळा जुळत नाहीत आणि मधल्या काळाचा गठ्ठा होतो.

हे मी एकदा चूक करून शिकले. २००९ साली दादरला एका प्रदर्शनात कोकणातल्या होड्या आणि गलबतांवरचं एक पुस्तक हातात घेतलं होतं. साधारण दीडशे पानं, निळं मुखपृष्ठ, आत सुकाणू-डोलकाठ्यांची पेनाने काढलेली चित्रं. ऐंशी रुपये. महिनाअखेर होती. पुढच्या महिन्यात बघू म्हणून परत ठेवलं. ते पुन्हा दिसलं नाही. नाव धड आठवत नाही, लेखकाचं तर मुळीच नाही. दुकानात जाऊन "निळं पुस्तक होतं हो एक" म्हटलं की दुकानदार ज्या नजरेने बघतो, ती नजर तुमच्या वाट्याला येऊ नये.

आत्ता गठ्ठ्यात काय आहे?

तेरा पुस्तकं आणि दोन दिवाळी अंक. वरची पुस्तकं काढताना गठ्ठा ढासळू नये म्हणून मोठी खाली ठेवलीत, त्यामुळे क्रम आवडीचा नाही, आकाराचा आहे.

अगदी तळाला मराठी विश्वकोशाचा एक सुटा खंड. वाईला लक्ष्मणशास्त्री जोशींनी हे काम उभं केलं, १९७६ मध्ये पहिला खंड निघाला, एकूण खंड वीस. माझ्याकडे आता पाच झाले, तेही सलग नाहीत. हा पाचवा रद्दीच्या दुकानात वजनावर मिळाला. विश्वकोश आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतो हे मला माहीत आहे. तिथे हवी ती नोंद लगेच सापडते. शेजारची सापडत नाही, आणि माझं निम्मं ज्ञान शेजारच्या नोंदींतून आलेलं आहे.

त्याच्यावर तुकोबांची शासकीय गाथा. जुनी प्रत होती, तिचा कणा मोडला, पानं आषाढातल्या पत्रावळीसारखी सुटली. ही नवी.

मग कन्नडमधून मराठीत आलेल्या दोन कादंबऱ्या. कन्नड-मराठी हा रस्ता आपल्याकडे चांगला मळलेला आहे, त्यामुळे अनुवाद सहसा फसत नाही. पाहुण्याने घरातल्यासारखं बोलावं तसं ते वाचतं. त्यांच्यावर सह्याद्रीतल्या गवतांवरचं एक पुस्तक. ते का घेतलं याचं उत्तर माझ्याकडे नाही. चित्रं सुंदर आहेत.

एक जुनं पाककृतींचं पुस्तक आहे, त्यातली मापं पावशेर आणि नवटाकात. म्हणजे किलो-ग्रॅम स्वयंपाकघरात शिरायच्या आधीचं. त्यात "विस्तव बेताचा ठेवावा" असं वाक्य दर पानावर आहे आणि बेत म्हणजे किती हे कुठेच नाही. यातली सांदणं करून बघायचा विचार आहे.

चौसष्ट पानांचा एक कवितासंग्रह आहे. एका कार्यक्रमाच्या दाराशी कवी स्वतः टेबल मांडून बसला होता, समोर पुस्तकांचे दोन ढीग, एकही कमी होत नव्हता. जाववेना. दयेपोटी घेतला, आणि घरी येताना लोकलमध्ये दोन कविता वाचल्या त्या चांगल्या निघाल्या. गठ्ठ्यातलं एकही वाचलेलं नाही असं वर म्हटलंय, त्यात एवढा अपवाद धरा.

बाकी: ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात घेतलेल्या तीन पातळ पुस्तिका, शेजारच्या चिऊसाठी घेतलेलं हत्तीचं एक चित्रमय पुस्तक (आधी मी वाचणार), लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची भाचीला द्यायची प्रत, आणि सर्वात वर 'माझा प्रवास'. मोजली तर तेरा भरतील.

'माझा प्रवास' तुमच्याकडे होतं ना? तेच पुस्तक दोनदा कशाला?

ते तेच नाही, गंमत तीच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. परत येऊन खूप वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यांनी हे सगळं लिहून काढलं. छापलं गेलं ते १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांनी, पण वैद्यांनी त्यावर हात फिरवला होता. भाषा सारखी केली, मजकुरात फेरफार केले. गोडसे भटजींचा मूळ मजकूर लोकांसमोर यायला १९६६ उजाडलं. तो दत्तो वामन पोतदारांनी संपादून दिला.

माझ्याकडे इतकी वर्षं वैद्यांच्या वळणाची प्रत होती. आता मूळ वळणाची मिळाली. दोन्ही शेजारी ठेवून एखादा प्रसंग वाचला की कळतं, सुशिक्षित माणसाला भटजींच्या तोंडी काय शोभणार नाही असं वाटलं होतं. तेव्हा एकाच पुस्तकाच्या दोन प्रती दिसल्या तर आधी आवृत्ती बघा, मग मला हसा.

(दोन अगदी सारख्या प्रतीही माझ्याकडे आहेत, चार पुस्तकांच्या. त्या विसरभोळेपणाच्या.)

घेता कुठून?

नवीन पुस्तकांसाठी दादर. स्टेशनातून पश्चिमेला उतरलं की छबिलदासच्या गल्लीत आयडियल, शिवाजी मंदिरात मॅजेस्टिक. दोन्हींमध्ये चालत पाच-सात मिनिटांचं अंतर, आणि मध्ये फुलबाजार, भाजीबाजार, त्यामुळे "भाजी आणायला गेले होते" हे वाक्य अगदीच खोटं ठरत नाही. पुण्यात गेले तर अप्पा बळवंत चौक. तिथे जूनमध्ये जाऊ नका; शाळा-कॉलेजच्या पुस्तकांची एवढी झुंबड असते की कथा-कादंबरी मागणारा माणूस वेडा वाटतो. ऑगस्टमध्ये जा.

जुन्यासाठी माटुंग्याचं किंग्ज सर्कल. बागेच्या कडेने फुटपाथवर ढीग लागलेले असतात. तिथे इंग्रजी आणि इंजिनीअरिंग जास्त, मराठी कमी, पण जे असतं ते अनपेक्षित असतं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर माझ्या कॉलेजच्या दिवसांत पुस्तकांच्या भिंती होत्या, आता तुरळक विक्रेते उरलेत. त्याच भागातलं स्ट्रँड हे पुस्तकांचं दुकान १९४८ पासूनचं, ते २०१८ मध्ये बंद झालं. त्यांचा सुंदराबाई हॉलमधला सेल म्हणजे आमच्या पिढीची जत्रा होती. हातात पिशवी, खांद्यावर पिशवी, आणि चर्चगेटला गाडीत बसायला जागा मिळाली की लगेच पहिलं पुस्तक बाहेर.

सरकारी पुस्तकं घ्यायची तर चर्नी रोडचं शासकीय ग्रंथागार. तिथे कोणी "या, बसा" म्हणत नाही, पुस्तकाचं नाव नीट लिहून न्यावं लागतं, आणि "शिल्लक नाही" ऐकायची तयारी ठेवावी लागते. पण असलं तर किंमत बघून वाटतं, छापणाऱ्याची चूक झाली असेल. साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकंही अशीच स्वस्त, आणि त्यांतली बरीचशी मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात.

आणि मग साहित्य संमेलन. अध्यक्षीय भाषणात काय होतं हे मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळतं, कारण मी ग्रंथदालनात असते. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात जे पहिलं भरलं, ते ग्रंथकारांचं संमेलन होतं. ग्रंथ नावातच होता, तेव्हा मी मूळ हेतूला धरून आहे असं समजते. संमेलनाचा खरा फायदा हा की गावोगावचे छोटे प्रकाशक आपापली पुस्तकं घेऊन येतात, जी एरवी दादर-पुण्याच्या दुकानात कधी दिसत नाहीत.

पण पुस्तकखरेदी म्हणजे काय ते पाहायचं असेल तर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात जा. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभराचा प्रवास करून आलेली माणसं, पायात धूळ, डोक्यावर पिशवी, आणि चैत्यभूमीचं दर्शन झालं की पुस्तकांच्या स्टॉलकडे. वीस-तीस रुपयांच्या पुस्तिकेपासून जाडजूड खंडांपर्यंत. एक आजोबा मी पाहिले, त्यांनी नातवाकडून किंमत मोठ्याने वाचून घेतली, कमरेची पिशवी सोडली आणि पैसे मोजून दिले. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. ज्या माणसाने दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधताना आधी ग्रंथालयाचा विचार केला, त्याच्या स्मृतिदिनी हे घडतं. मराठी पुस्तकं कोण घेतं, अशी हळहळ करणाऱ्या मंडळींना मी तिथे न्यायला तयार आहे. अजून कोणी आलेलं नाही.

महिन्याला किती पैसे जातात?

ठरवलेले बाराशे. मी बँकेत आहे, त्यामुळे खर्चाची वही ठेवते. नवऱ्याच्या मते घरातलं सर्वात कल्पनारम्य लिखाण तेच आहे.

हल्ली नव्या पुस्तकाला पानामागे दीड-दोन रुपये पडतात, म्हणजे दोनशे पानांचं पुस्तक तीनशे-चारशेला. बाराशेत तीन-चार पुस्तकं. यातून वाट काढायचे मार्ग: मोठं पुस्तक येणार असेल तर प्रकाशनपूर्व सवलतीत आधीच पैसे भरून ठेवणं (पुस्तक सांगितलेल्या महिन्यात येत नाही, पण येतं), नॅशनल बुक ट्रस्ट आणि साहित्य अकादमीची पुस्तकं बघणं, आणि प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी जाणं. शेवटच्या दिवशी विक्रेत्याला खोकी परत भरायचा कंटाळा आलेला असतो.

डिसेंबरमध्ये बाराशेचं बंधन पाळलं जात नाही. जानेवारीतही नाही.

ऑनलाइन स्वस्त पडत नाही का?

कधी कधी पडतं. पण दोन गोष्टी बघा. एक, खपणाऱ्या मराठी पुस्तकांच्या चोरट्या प्रती सर्रास विकल्या जातात. कागद पातळ, शाई फिकी, मुखपृष्ठाचा रंग उतरल्यासारखा, आणि किंमत अशी की प्रकाशकालाही त्या भावात परवडणार नाही. मला एकदा अशी प्रत आली, त्यात पान ९६ नंतर थेट ११३. कुठून मागवली ते सांगत नाही, पण ती परत घेतली गेली नाही. तेव्हापासून मी शक्यतो थेट प्रकाशकाकडून मागवते. बहुतेकांना फोन केला तर ते पाठवतात, आणि फोनवर बोलणारे स्वतः प्रकाशकच असण्याची शक्यता दाट असते.

दुसरी गोष्ट टपालाची. छोट्या गावातल्या प्रकाशकाला बुकपोस्टचा, म्हणजे पुस्तकांसाठीच्या स्वस्त टपालाचा, मोठा आधार होता. डिसेंबर २०२४ मध्ये ती सोय बंद झाली आणि दीडशे रुपयांच्या पुस्तकाला कुरिअरचे ऐंशी अशी पाळी आली. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने 'ज्ञान पोस्ट' सुरू केलंय: तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. पार्सल रेल्वे-रस्त्याने येतं, वेळ लागतो. लागू दे. गठ्ठ्यात तेरा आहेत.

जुनं पुस्तक घेताना काय बघता?

आधी वास. कुबट वास आला तर आत ओल आहे, आणि ती घरातल्या बाकीच्या पुस्तकांना लागेल. मग कण्याजवळची जागा: तिथे बारीक भोकं किंवा भुसा दिसला की ठेवून द्यायचं, पुस्तक कितीही दुर्मीळ असो.

पानं पुरी आहेत का हे बघायची एक सोपी खूण आहे. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या जुड्यांमध्ये, छापतात. जुन्या पुस्तकांत प्रत्येक फॉर्मच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. ते आकडे ओळीने आले की फॉर्म गळलेला नाही. फुटपाथवर उभ्याने पाचशे पानं मोजण्यापेक्षा हे बरं. छपाईचं साल इसवी सनात दिलं नसेल, नुसता शालिवाहन शक असेल तर त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा.

आणि पहिलं कोरं पान नक्की उघडा. "चि. सौ. कां. हिच्या विवाहाप्रीत्यर्थ" अशी भेट दिलेली पुस्तकं फुटपाथवर भरपूर मिळतात, त्यांतली पुष्कळशी न उघडलेली. लग्नं टिकली असावीत, पुस्तकं रद्दीत आली. मी अशी पानं फाडत नाही. एकीत तर खाली दुसऱ्या शाईत "वाचून झाले, आवडले नाही" असं लिहिलेलं आहे, तारखेसकट. ती प्रत मी केवळ त्या ओळीसाठी घेतली.

ग्रंथालय आहे की ठाण्यात! मग विकत कशाला?

आहे, आणि मी सभासद आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे, मुंबईच्या ग्रंथसंग्रहालयापेक्षा पाच वर्षांनी थोरलं, हे मुंबईकरांना सांगताना आम्हां ठाणेकरांना फार बरं वाटतं. (रत्नागिरीचे लोक मग त्यांच्या वाचनालयाचं १८२८ साल काढतात आणि आम्ही गप्प बसतो.) कथा-कादंबऱ्या मी तिथूनच आणते. विकत घेते ती पुन्हा पुन्हा लागणारी, किंवा पेन्सिल घेऊन वाचायची, किंवा पुन्हा मिळणार नाहीत अशी वाटणारी. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवणाऱ्यांबद्दल माझं मत लिहिण्याजोगं नाही.

किंडल घ्या ना.

घेतलंय. त्याच्यावरही गठ्ठा झालाय, फक्त तो पाहुण्यांना दिसत नाही.

दिवाळी अंक गठ्ठ्यात धरायचे का?

यावर घरात मतभेद आहेत. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला फराळाबरोबर वाचनाचीही सवय लागली. मी दरवर्षी पाच घेते. तुळशीच्या लग्नापर्यंत तीन वाचून होतात, उरलेले दोन गठ्ठ्यात येतात आणि पुढच्या गणपतीत सापडतात. तेव्हा वाचायला तर जास्तच मजा येते, कारण राजकीय लेखातली सगळी भाकितं चुकलेली असतात.

ठेवता कुठे? कसर लागत नाही?

लागते. ठाण्या-मुंबईच्या हवेत पुस्तकं ठेवणं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने पहारा. कसरीला पुस्तकातला मजकूर नको असतो, बांधणीची खळ हवी असते. म्हणून जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, ते किड्यांना विषारी. हल्लीच्या डिंकाच्या बांधणीला कसर कमी लागते, पण तिसऱ्या वाचनात पानं हातात येतात. काय पत्करायचं ते तुम्ही ठरवा.

मी करते ते असं. कपाट भिंतीला चिकटवून ठेवत नाही, मागे दोन-तीन बोटं जागा सोडते, कारण ओल भिंतीतून येते. पुस्तकं कोंबत नाही. कप्प्यात वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा सुकलेला पाला घालते. डांबरगोळ्या पूर्वी घालायचे, आता नाही, त्या खोलीत झोपणाऱ्याला त्रास होतो. दसऱ्याच्या सुमारास, ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळी पुस्तकं एकदा बाहेर काढून झटकायची. उन्हात पसरायची नाहीत, उन्हाजवळ सावलीत ठेवायची. नाहीतर मुखपृष्ठं उडतात आणि कागद पापडासारखा होतो. फुटपाथवरून आणलेलं पुस्तक संशयित वाटलं तर दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये, मग पिशवी न उघडता एक दिवस बाहेर. सासूबाईंना एकदा मटारच्या पिशवीशेजारी ऐतिहासिक पत्रव्यवहार सापडला होता. त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नाही.

सुताराला आधीच सांगा की फळी पुस्तकांसाठी आहे. फूटभर रांगेचं वजन सहज आठ-दहा किलो भरतं. तीन फुटी प्लायची फळी दोन पावसाळ्यांत मध्ये झोळते. अडीच फुटांवर आधार हवाच.

कुठलं आधी वाचायचं, हे कसं ठरवता?

ठरवत नाही. गठ्ठ्यात एखादं पुस्तक तीन वर्षं पडून असतं आणि मग कोणीतरी जेवताना "वरसई कुठे आलं गं?" असं विचारतं, आणि त्या रात्री ते वर येतं. एकच नियम आहे: पन्नास पानांत जीव रमला नाही तर सोडायचं. वय पन्नाशीपुढे गेल्यावर हा नियम केला. सोडलेलं पुस्तक लगेच देऊन टाकत नाही. दोन पुस्तकं मी तिसऱ्या प्रयत्नात वाचली आणि आता ती भाचीला देत नाही.

मला एखादं वाचायला द्याल?

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहून ठेवायचे:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पुस्तक म्हणतं. तुम्ही मूर्ख आहात असं मी म्हणत नाही. पण माझ्या वहीत "नेलेली पुस्तकं" या पानावर एकेचाळीस नोंदी आहेत आणि त्यांतल्या तेवीस खोडलेल्या नाहीत. त्यांत एक डॉक्टर आहेत, एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि माझा सख्खा भाऊ आहे.

गठ्ठ्यातलं देत नाही. कपाटातलं देते, वहीत सही घेऊन. चहाचा कप पुस्तकावर ठेवताना दिसलात तर सही बाद.

वाचून झालेली, नको असलेली काय करता?

डोंबिवलीत पुस्तक आदानप्रदानाची प्रदर्शनं भरतात, तिथे आपली देऊन दुसरी आणता येतात. नवऱ्याला वाटलं होतं की त्यामुळे संख्या कमी होईल. दहा नेली, दहा आणली, वर दोन विकत घेतली. रद्दीत मात्र मी एकच प्रकार घालते: कर वाचवण्याचे मार्ग सांगणारी जुन्या वर्षांची पुस्तकं.

आणि तुमच्यानंतर या सगळ्याचं काय होणार?

हे विचारणाऱ्यांचा आवाज एकदम हळू होतो. मी चौकशी करून ठेवली आहे. ग्रंथालयं सरसकट सगळं घेत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांच्याकडेही जागा नाही, आणि कपाटभर पुस्तकं आली की त्यांतली बरीचशी त्यांच्याकडे असतातच. म्हणून मी एक यादी करतेय: नाव, आवृत्ती, साल, कुठे मिळालं. कोकणाविषयीची सव्वाशे पुस्तकं एकत्र राहावीत एवढीच इच्छा आहे, ती एका तालुक्याच्या वाचनालयाने तोंडी मान्य केली आहे. बाकीची मुलीने बघावी. ती म्हणाली, "आई, मी किंग्ज सर्कलला नेऊन विकेन." मी म्हटलं, "चालेल, पण एकगठ्ठा देऊ नकोस, तिथला विक्रेता भाव पाडतो."

अजून एखादं शोधताय का?

होड्यांचं. निळं मुखपृष्ठ, साधारण दीडशे पानं, आत पेनाने काढलेली चित्रं. तुमच्याकडे असेल तर कळवा. वाचायला नको, विकत हवंय.